शंकासुर

हिंजवडीतल्या एका ऑफिसात हे गृहस्थ टेस्टर आहेत. हजेरीपटावर नाव काही का असेना, सगळे त्यांना शंकासुर म्हणतात. शिमग्यातला शंकासुर निदान वर्षातून एकदाच येतो. हे रोज सकाळी स्टँडअपला हजर. 'सगळं नीट चाललंय' असं कुणी म्हणालं की यांची भुवई वर जाते.

एक्सेलमधल्या 'अपेक्षित निकाल' या रकान्यावर त्यांचा संसार सुखाने चालला होता. ठरलेलं उत्तर आलं तर पास, नाही तर बग. मग जेवण पोचवण्याचं एक ॲप तपासायला आलं. ऑर्डर किती मिनिटांत पोचेल, कुठल्या गल्लीत किती डिलिव्हरीवाले लागतील, हे सांगणारं आणि रोजच्या अनुभवावरून स्वतःच शिकणारं. सोमवारी 32 मिनिटं म्हणालं, मंगळवारी त्याच पत्त्याला 29. शंकासुरांनी बग टाकला. डेव्हलपरने तो शेरा मारून बंद केला: 'बग नाही, शिकतंय ते.' लाडक्या लेकाच्या प्रगतिपुस्तकावर आया असंच बोलतात.

शंकासुर खचले नाहीत. त्यांनी रकान्यातला आकडा काढून तिथे अट घातली. बाकी सगळं तेच ठेवून अंतर वाढवलं, तर वेळ घटता कामा नये. ग्राहकाचं नाव बदललं, तर एक मिनिटही हलता कामा नये. खरं उत्तर ठाऊक नसलं तरी दोन उत्तरांतली विसंगती पकडता येते. याला मेटामॉर्फिक टेस्टिंग म्हणतात, टी. वाय. चेन आणि सहकाऱ्यांनी ते 1998 मध्ये मांडलं. आपल्याकडच्या सासवांना ते आधीपासून येत होतं, पण त्यांनी पेपर लिहिला नाही.

एकदा मात्र टेस्ट सर्व्हरवर यांची स्क्रिप्ट आठवडाभर पहाटे 3 वाजता एकाच गल्लीत साबुदाण्याची खिचडी मागवत राहिली. ॲप तेही शिकलं. त्या गल्लीत पहाटे जादा माणसं उभी करा, असं सुचवायला लागलं! तेव्हापासून शंकासुर तपासताना आधी शिकणं गोठवतात, मॉडेलची प्रत तारीख घालून ठेवतात. शिकण्याची परीक्षा वेगळी घेतात, जुन्या नोंदी क्रमाने पुन्हा चालवून.

मॅनेजर कुरकुरले की हे 'टे'चा दाखला काढतात. मायक्रोसॉफ्टने 23 मार्च 2016 रोजी ट्विटरवर सोडलेला हा चॅटबॉट. टवाळखोरांनी त्याला दिवसभरात असं काही द्वेषाचं बोलायला लावलं की कंपनीने तो उतरवला. "शिकवणी घ्यायला कोण येणार, ते बघितलं होतं का कुणी?" यावर मीटिंग संपते. नवं मॉडेल आधी जुन्याशेजारी मुकाट चालतं, मग थोड्याच ग्राहकांपुढे जातं. आणि मागे फिरायचं बटण स्वतः दाबून पाहिल्याशिवाय शंकासुर सही करत नाहीत.

खोड घरीही सुटत नाही. पुतणीच्या कांदेपोह्यांना त्यांनी मुलाला सुरुवातीला पगार विचारला. पोहे संपल्यावर, सहज विचारल्यासारखं, "यंदा इन्कमटॅक्स किती बसला हो?" मुलगा दोन्ही उत्तरं देऊन मोकळा झाला. काकांनी रुमालाआड मोबाइलवर हिशेब केला आणि म्हणाले, "स्थळ नको."

तुमच्या घरी हे बोलणी करायला येणार असतील, तर फॉर्म 16 हाताशी ठेवा. आकडे जुळले तर माणूस फार प्रेमळ आहे.