गांधीजींचा अणुबॉम्ब

माझ्या भाच्याचं गांधीजींबद्दल मत फार वाईट आहे. "मामा, त्यांचा भरवसा नाही. आधी दोस्ती करतात, मग अणुबॉम्ब टाकतात." राहतो जुहूत, चौपाटीवर गांधीजींचा पुतळा रोज बघतो, आणि हे ज्ञान! अर्थात ते 'सिव्हिलायझेशन' नावाच्या कॉम्प्युटर गेममधलं.

१९९१ पासून हा खेळ चालू आहे. इसवी सनापूर्वी ४००० पासून अवकाशयानापर्यंत राज्य चालवायचं. बहुतेक आवृत्त्यांत भारताच्या गादीवर गांधीजी. दंतकथा अशी की त्यांच्या आक्रमकतेचा आकडा मुळात १, लोकशाही आली की त्यातून २ वजा व्हायचे, आणि उणे आकडा न समजणारा कॉम्प्युटर थेट २५५ वर पोचायचा. खेळाचे जनक सिड मायर यांनी २०२० च्या आठवणींत हे साफ नाकारलं. पण त्याआधीच, २०१० च्या पाचव्या आवृत्तीत, अण्वस्त्रांची हौस १० पैकी १२ अशी गमतीने मुद्दाम ठेवून झाली होती. दंतकथेलाच खरं करून टाकायची ही रीत आपल्या बखरकारांना चांगली ठाऊक होती.

तरी खेळाला मी सरसकट नावं ठेवणार नाही. राज्याला आधी धान्य लागतं, मग फौज, हे भाच्याला पाठ्यपुस्तकाने शिकवलं नाही. त्याचं शहर उपाशी पडलं तेव्हा कळलं.

पण खरे गांधीजीही कळावेत म्हणून त्याला १९२४ सालची गोष्ट सांगितली. गांधीजी कैदेत असताना जानेवारीत पुण्याच्या ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं अपेंडिक्स काढलं. ऐन शस्त्रक्रियेत वादळाने वीज गेली, बॅटरीनेही दगा दिला, उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकलं. भाच्याने हेडफोन काढला. "ही लेव्हल भारी आहे!"

पुढची लेव्हल जुहूची. सुटकेनंतर गांधीजी इथेच समुद्राकाठी विश्रांतीला आले. विश्रांती कसली! मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास येऊन वाद घालायचे, इंग्रजांच्या कायदेमंडळात शिरायचं की नाही. शिरणं गांधीजींना पटलं नाही. मे महिन्यात दोन्ही बाजूंनी वेगवेगळी निवेदनं काढली.

"मग युद्ध?"

"नाही."

"दोस्ती तोडली?"

"तीही नाही."

"मग बटण कुठलं दाबलं?"

सनावळ्या पाठ करून परीक्षा दिलेल्या मला हा प्रश्न उभ्या जन्मात पडला नव्हता. खेळाने त्याला राजाच्या खुर्चीत बसवलं होतं, म्हणून त्याला पडला. मुलं असं काही खेळत असतील तर आयांनो, बापांनो, प्लग उपटू नका. शेजारी बसा आणि पडद्यावरच्या या माणसाकडे खऱ्या इतिहासात आणखी कोणते मार्ग होते, ते विचारा. उत्तरासाठी पुस्तक उघडावंच लागतं.

आम्हीही उघडलं. नोव्हेंबरात तिघांचा समझोता झाला, दास-नेहरूंच्या स्वराज्य पक्षाला काँग्रेसच्या वतीने कायदेमंडळात काम करायची मोकळीक मिळाली, आणि डिसेंबरात बेळगावला गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आयुष्यात एकदाच. भाच्याच्या मते या डावात गांधीजी हरले. कायदेमंडळापुरतं बोलायचं तर त्याचं म्हणणं खरं आहे.