बेगमची पिल्लं

अहो वहिनी, ठेवा ती बादली खाली आणि जरा भिंतीशी या. मोठ्यानं सांगायची गोष्ट नाही. कोपऱ्यावरच्या बेनच्या घरची ती पर्शियन मांजर, बेगम, तिची पिल्लं पाहिलीत का? दोन महिन्यांची होत आली. चारही पिल्लं आपल्या गल्लीतल्या मनीची शोभावीत अशी! केस म्हणाल तर एवढेसे. रोज वाट बघतायत बिचारे, आज फुलतील, उद्या फुलतील. त्यांच्या लेकानं तर वापीतल्या दोघातिघांना शब्द देऊन ठेवला होता, पर्शियनचं पिल्लू देतो म्हणून. आता ते फोन करतायत आणि हा उचलत नाहीये.

बाप कोण म्हणून काय विचारता? तो कंपनीच्या कँटीनमागचा कानफाटका बोका, आणखी कोण! रात्रपाळीला गेलेल्या लेकानं मागचं दार उघडं टाकलं, तेवढ्यात साधलं. माझी भाची नवसारीच्या पशुवैद्यक कॉलेजात आहे ना, ती ऐकून पोट धरून हसली. म्हणाली, मावशी, लांब केसांचा गुण दबून राहणारा असतो. आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. एकाकडून आला तर पिल्लू आखूड केसांचंच. पण गुण आत लपलेला राहतो हं. उद्या यांच्यातल्या एखादीची तसाच लपलेला गुण असलेल्या बोक्याशी गाठ पडली, तर कंपनीच्या गेटवर अचानक झुपकेदार शेपटीचं पिल्लू फिरताना दिसेल. तेव्हा बघा वॉचमनची तोंडं.

मांजर मात्र गुणी आहे, खोटं कशाला बोलू? पेन्शनीत निघालेल्या मामलेदारासारखी खुर्चीत बसून असते. ना पडद्यावर चढणं, ना ओट्यावर उडी. आवाज इतका बारीक की भूक लागली तरी शेजारच्या खोलीत कळू नये. पण पोरांनी उचलून नाचवलेलं तिला खपत नाही. जवळ यायचं तर ती आपल्या मर्जीनं येणार. आणि रोजचा क्रम बदलला की रुसते. गणपतीत ढोल-ताशा वाजला तेव्हा दीड दिवस पलंगाखाली होती, अन्नाला तोंड लावेना. भाची म्हणाली, मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तर गंमत समजू नका, थेट डॉक्टरकडे न्या. उपासानं लिव्हरमध्ये चरबी साठते आणि मग ते जिवावर बेततं. जाडजूड मांजरांना तर जास्तच.

आमच्या ह्यांना एवढंच विचारलं की ही जात कुठली, की लगेच चारशे वर्षं मागं गेले. मास्तरकी सुटली तरी खोड जात नाही. म्हणे पिएत्रो देल्ला व्हाले नावाचा रोमचा प्रवासी होता. त्यानं 1620 च्या सुमारास इराणातून लिहिलं की खोरासानात लांब रेशमी केसांची मांजरं आहेत, मी ती रोमला नेणार. पोर्तुगीजांनी ती हिंदुस्थानात नेल्याचंही लिहिलंय. पुढं 1623 मध्ये तो स्वतः सुरतेला उतरला आणि दमणवरून गोव्याला गेला. मी म्हटलं, दमण इथून तासाभरावर, आणि फिरंगी सिल्वासात 1954 पर्यंत ठाण मांडून होते, मग आपल्या मसाटला एक तरी पर्शियन मागं ठेवायची होती! त्यावर उत्तर नाही. वर आणखी सांगतात, हल्ली जनुकं तपासली तर ही मांजरं इराणपेक्षा युरोपातल्या मांजरांना जवळची निघाली. 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसात मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यानंतर विलायतेतल्या शौकिनांनीच हिला आजचं रूप दिलं म्हणे. नाव इराणचं आणि घडण साहेबाची.

आता अशी थंड देशात घडलेली मांजर मे महिन्यात मसाटला. पत्रा तापतो, लाइट जाते, आपलाच जीव कासावीस होतो. मांजराला घाम येतो तो फक्त पंज्यांच्या गाद्यांना. कुत्रं जीभ काढून धापा टाकतं ते ठीक, पण मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागलं की समजायचं, काही खरं नाही. बेनच्या सुनेनं मागच्या उन्हाळ्यात काय केलं, तर तिला पार न्हाव्याकडून आणल्यागत तासडून काढलं. भाचीनं डोक्याला हात लावला. पोटाखालचे केस बारीक करा, शेपटीमागचे करा, पण कातडी दिसेपर्यंत नका काढू. ऊन थेट अंगाला लागतं. त्यापेक्षा फरशीवर ओलं पोतं टाका, पंखा लावा, पाण्याची दोन भांडी दोन जागी ठेवा.

खाण्याचं तर विचारूच नका. बेनचं घर पक्कं शाकाहारी. सुरुवातीला बेगमला दूध-भात, खिचडी-कढी. सगळं प्रेमानं, पण मांजर म्हणजे मांसाहारी प्राणी हो! टॉरिन नावाचा एक घटक मांजराच्या अंगात पुरेसा तयार होत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला की नजर जाते, हृदय फुगून दुबळं होतं. आणि बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. त्या लांब केसांत जुलाब म्हणजे काय प्रकार होतो, ते सुनेला विचारा. शेवटी तोडगा निघाला. तयार खाण्याची पिशवी मागच्या व्हरांड्यात, वाटी वेगळी, आणि सासूबाई तिकडे फिरकत नाहीत.

फिनेलचं मात्र लक्षात ठेवा, तुमच्याही घरी मनी येते म्हणून सांगते. आपण फरशी पुसतो, ती त्यावरून चालते आणि मग पंजे चाटते. ते विष उतरवायची ताकद मांजराच्या लिव्हरमध्ये नाही. त्याच कारणानं तापाची पॅरासिटामॉल. माणसाची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते. कुत्र्याच्या गोचिडांचं औषधही लावायचं नाही. आपली माणसं घरातल्या डब्यातलं औषध द्यायला फार उत्सुक!

परवा सुनेबरोबर बसून मी विंचरणं पाहिलं. स्टीलचा कंगवा, एका बाजूला रुंद दात, दुसऱ्या बाजूला बारीक. पाठीवरून फिरवला की सगळं छान दिसतं आणि बेगम डोळे मिटून घेते. खरी परीक्षा काखेत, कानामागं आणि मागच्या मांड्यांच्या आत. तिथं बोट घातलं तर जट लागली, चिंचोक्याएवढी घट्ट. सुनेनं मुळाशी दोन बोटांनी केस धरले, म्हणजे कातडी ओढली जात नाही. थोडं कॉर्नफ्लॉवर चोळलं आणि टोकाकडून एकेक दात घालत सोडवलं. कात्री लावायची नाही, मांजराची कातडी इतकी पातळ की जटेबरोबर तीही कापली जाते. मग कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं डोळे पुसले, एका डोळ्याचा कापूस दुसऱ्याला नाही. हे रोजचं. एक दिवस चुकलं तर चालतं, आठवडा चुकला की नमदा होतो. शिवाय न विंचरलेले केस ती चाटून गिळते आणि मग पलंगावर ओकते.

पावसाळ्यात तर दुप्पट काम. आपले कपडे वाळत नाहीत, तर हिचे केस कुठून वाळणार? आंघोळ घातलीत तर मुळापर्यंत कोरडं करायला हवं. नाहीतर गजकर्ण. पर्शियनला ते पटकन होतं आणि माणसालाही लागतं. सुनेच्या दंडावर चट्टा आला, तेव्हा घरात मांजराआधी तिच्यावर संशय. सासूबाई म्हणाल्या, पार्लरातून आणलास!

काय म्हणता? तुमच्या प्राचीलाही हवीये? वाढदिवसाला? बरं, मग आता नीट ऐका. विकणारे डॉल फेस, सेमी पंच, पंच फेस असं सांगतात आणि नाक जितकं चपटं तितके पैसे जास्त लावतात. त्या चपट्या नाकानं श्वास कोंडतो, अश्रूंची नळी वळते म्हणून डोळे सतत वाहतात, जेवताना तोंड वाटीत नीट पोचत नाही. आपल्या उकाड्यात तर हालच. आईबापांची मूत्रपिंडं तपासलीत का, ते विचारा. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार पिढीजात येतो. एका पालकात दोष असला तरी निम्म्या पिल्लांत उतरू शकतो. दोषी जनुक 2004 मध्ये सापडलं, आता तपासणी होते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू दुकानात विकायला 2018 च्या नियमांनी बंदी आहे. कोणी मुठीएवढं दाखवलं तर तिथूनच परत फिरा.

आणि प्राचीला विचारा, बारावीच्या वर्षात रोज पंधरा मिनिटं कंगवा घेऊन बसणार का? ही मांजरं बारा-पंधरा वर्षं जगतात. ती लग्न होऊन जाईल आणि विंचरायला तुम्ही राहाल. बसणार असेल तर लांब नाकाची आणा, लस आणि ऑपरेशन वेळेत करा. नसेल बसणार, तर बेनकडची ती चार आहेतच. धडधाकट, देखणी, आणि लेक आता फुकट द्यायला तयार आहे. पंच फेस मात्र या भिंतीच्या अलीकडे-पलीकडे मी येऊ देणार नाही.