वागळेला चालली म्हणे!

"वहिनी, ऐकलंस का? तुझ्या पोराची कंपनी मुरबाडची एमआयडीसी सोडून ठाण्याला चाललीय म्हणे!"

"कुणी सांगितलं, आक्का?"

"नारिवलीच्या एसटीत दोघीजणी बोलत होत्या. मी काय मुद्दाम कान देते होय? सीटच त्यांच्या मागची मिळाली."

वईच्या अलीकडे आक्का, पलीकडे वहिनी, दोघींच्या पुढ्यात वालाच्या शेंगा.

"ठाण्यात कुठे?"

"वागळे इस्टेटला. जुना कारखाना पाडून टोलेजंग इमारत उठवलीय, त्यात शेटने गाळा घेतलाय. लिफ्ट काय, काचा काय!"

"वागळेला? अगं, आमचे मामंजी तिथेच लेथवर होते. 1962 साली एमआयडीसी निघाली, तिची पहिली वसाहत तीच. पुढे जागेचे भाव चढले तसे कारखाने सुटले. आता तिथे कॉम्प्युटरवाले बसतात. आणि हा उलटा निघालाय?"

"गिऱ्हाईक ठाण्याला, बँक ठाण्याला, शेटची सूनही ठाण्याचीच. तिला मुरबाडात करमत नाही."

"सुनेचं राहू दे. पॉवर प्रेस पाचव्या मजल्यावर चढवणार कसे? पोरगा सांगतो, ठोका पडला की सगळी शेड दणाणते. त्याला जमिनीत पाया घालावा लागतो."

"ते नाही बोलल्या बाया."

"कशा बोलतील? ऑफिस जाईल, पॅकिंग जाईल. प्रेस इथे राहील, नाहीतर भंगारात जाईल."

"नाहीतर डोंबिवलीसारखं होईल. 2016 ला स्फोट झाला, 2024 च्या मे महिन्यात परत झाला. केमिकलवाले पाताळगंगेला हलणार हे आपण कधीपासून ऐकतोय. पहिली हलते ती बातमी!"

"आणि खरंच गेली तर पोरगा जायचा कसा? पहाटेची एसटी, मुरबाडहून कल्याण, तिथून लोकल, वर रिक्षा. अर्धा पगार वाटेतच. कल्याण-मुरबाड रेल्वेचं ऐकून तर कान किटले."

"परवा 2 जानेवारीला भाई कोतवाल आणि हिराजी पाटलांना मानवंदना द्यायला सिद्धगडाखाली एवढे पुढारी आले, त्यातल्या एकाला तरी विचारायचंस."

"विचारलं की! 'लवकरच' म्हणाला. विजेचे मनोरे पाडून मुंबई हलवणारी माणसं ती. ह्यांच्याने एक रेल्वे हलत नाही."

"बरं, ते जाऊ दे. पोरगा कंपनीच्या हजेरीवर आहे की ठेकेदाराच्या?"

"कार्ड कंपनीचंच आहे गळ्यात."

"कार्डाचं काय घेऊन बसलीस! पीएफ कोण भरतं ते बघ. माझ्या भाच्याचं असंच झालं. सहा वर्षं एकाच मशीनवर होता. कारखाना हलला तेव्हा मालक म्हणाला, हा आमचा माणूसच नव्हे. ठेकेदार म्हणाला, माझं काम संपलं. पोरगा बसला घरी, मोटारसायकलचा हप्ता तेवढा चालू."

"अगं बाई! आमच्याही गाडीचे हप्ते आहेत."

"मग पगाराच्या पावत्या आहेत ना?"

"आहेत की. पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूखाली."

"आजच काढ. कुणाचं नाव छापलंय ते पोराकडून वाचून घे. दुसऱ्याचं निघालं तर कंपनी इथे आहे तोवरच भांडायचं. तिकडे काचेच्या दारात वॉचमन आत सोडणार नाही. आणि तेवढी ती टोपली इकडे सरकव. बोलण्याच्या नादात किडके दाणे चांगल्यात टाकतेयस."