१०८ नगांचं पुण्य

घरगुती दुरुस्तीची पेटी १०८ नगांचीच घ्यावी. जपमाळेचं पुण्य फुकट मिळतं. त्यातली बहुतेक शिरगणती सॉकेटची आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकांची. ती मोटारसायकलच्या नटांना प्रेमानं बसतात, मोरीतल्या गळक्या नळाला ओळखही दाखवत नाहीत. नळाला हवा स्क्रू पाना, वायसर आणि टेफ्लॉन टेप. त्यात पक्कड, टेस्टर, हातोडी, चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर घाला, की संसार निभावतो. पण एवढा ऐवज बुटांच्या खोक्यात मावतो, आणि खोकं पाहुण्यांना दाखवता येत नाही. राहिलं भिंतीला भोक पाडणारं ड्रिल. ते शेजारच्या काकांकडे असतं. बदल्यात ते आपला टेस्टर मागतात, कारण त्यांची पेटी १२८ नगांची आहे.