गाळलेल्या जागा

कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या मर्क्युरियलशी ‘परवा लॉगिनच्या फाईलला कोणी हात लावला हो?’ असं बोलून भागत नाही. लेखक अमुक, तारीख तमुकनंतरची, फाईल ही, मर्ज वगळून, असं सगळं कंसात कंस घालत, ‘अँड’ नि ‘नॉट’ जोडत लिहावं लागतं. २०१० साली १.६ आवृत्तीत ही रेव्हसेटची भाषा आली. देखणी भाषा आहे, पण सकाळच्या चहाआधी तोंडात बसणारी नव्हे.

म्हणून टोपणनावं. एचजीआरसी या सेटिंगच्या फाईलमध्ये ‘रेव्हसेटअलियास’ असं शीर्षक टाकायचं. खाली डावीकडे छोटं नाव, मग बरोबरचं चिन्ह, उजवीकडे तो मारुतीच्या शेपटाएवढा प्रश्न. खरी गंमत नावापुढच्या कंसात. तिथे माणसाचं नाव न लिहिता नुसतं एक अक्षर ठेवायचं, म्हणजे झाली शाळेतली ‘गाळलेल्या जागा भरा’. आज एकाची चौकशी, उद्या दुसऱ्याची, प्रश्न तोच. गिट या मर्क्युरियलच्या भाऊबंदाकडे हे सुख सहजी नाही. तिथे टोपणनावापुढे लिहिलेलं सगळं मुकाट शेवटी चिकटतं. मधे जागा हवी तर उद्गारचिन्ह देऊन शेलचं फंक्शन रचा.

जागा भरताना मात्र जपून. लेखकाच्या नावाचा तुकडा जुळला तरी मर्क्युरियलला पुरतो. रोमन लिपीत ‘राम’ भरलात की आत्माराम, परशुराम हजर होतातच, पण काही संबंध नसताना विक्रमही येऊन उभा राहतो.

ही टोपणनावं फार घरगुती असतात. रिपॉझिटरी क्लोन केली की सगळा इतिहास येतो, एचजीआरसी येत नाही. तेही बरंच. परक्याच्या सेटिंगमध्ये हुक असू शकतो, आणि हुक म्हणजे आपल्या यंत्रावर चालणारी त्याची आज्ञा. शिवाय ही फाईल जरा खाजगीच ठेवावी. कोण सतत माणसं शोधतो आणि कोण तारखा, हे त्यात उघडं पडतं.

माझ्या मते दोनपेक्षा जास्त जागा गाळू नयेत. तिसरी आली की कुठे काय भरायचं ते आठवेना होतं. तारखेच्या जागी राम पडला तर मर्क्युरियल ‘तारीख अवैध’ म्हणून अडून बसतं, ते परवडलं. नावाच्या जागी तारीख पडली तर ते काहीच बोलत नाही. त्या नावाचं कोणी सापडलं नाही म्हणून गप्प राहतं, आणि आपण खुशाल धरून चालतो की आठवडाभर टीममध्ये कोणी काडीचं काम केलेलं नाही.