काटा वर गेल्यावर

इंजिन तापले म्हणून कुलंट गेले, की कुलंट गेले म्हणून इंजिन तापले, हा निदानातला पहिला प्रश्न. बॉनेटभोवती जमलेल्यांपैकी तो कुणीच विचारत नाही. ते विचारतात, "पाणी आहे का?" मग कुणीतरी बाटली आणतो, पाणी ओतले जाते, गाडी सुरू होते आणि आपल्यामुळेच ती सुरू झाली अशा समाधानात गर्दी पांगते. दुसऱ्या दिवशी तीच गाडी पुढच्या गावात तशीच वाफ सोडत उभी असते. फरक फक्त गर्दीत.

इंधनातल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांना मिळते, तेवढीच धुरावाटे जाते आणि उरलेल्या उष्णतेचा बराचसा भाग कुलंटच्या माथी येतो. कुलंट म्हणजे पाणी आणि इथिलीन ग्लायकोल, बहुधा निम्मे-निम्मे. वॉटर पंप ते इंजिनभर फिरवतो, थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडून त्याला रेडिएटरची वाट देतो आणि तिथे वारा लागून ते निवते. रेडिएटरचे झाकण मात्र नुसते झाकण नसते. प्रेशर कुकरप्रमाणे ते आत दाब राखते, म्हणून कुलंट १२० अंशांपर्यंतही उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले की दाब टिकत नाही, आणि बाकी सगळे धडधाकट असूनही गाडी उकळते. हा सगळ्यात स्वस्त भाग, त्यामुळे तो तपासायचे सगळ्यात शेवटी सुचते.

ओले फडके घेऊन गरम झाकण उघडायला पुढे सरसावणारा शूर गृहस्थ प्रत्येक गर्दीत असतोच. झाकण फिरताच दाब उतरतो, दाबाखाली शांत बसलेले कुलंट क्षणात उसळते आणि गृहस्थाच्या चेहऱ्यापर्यंत पोचते. रेडिएटरचा वरचा पाइप हाताला गार आणि दाबल्यावर मऊ लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये. तोवर सल्ले ऐकावेत. तेवढ्यासाठी वेळ पुरतो.

गाडी कुठे तापते, यावरून निम्मे निदान होते आणि त्यासाठी उरण तालुक्यातल्या चिरनेरइतकी सोयीची प्रयोगशाळा मिळणे अवघड. २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहाने इतिहासात गेलेले हे गाव. महागणपतीच्या देवळामुळे संकष्टीला इथे गाड्यांची रीघ लागते, आणि १९८९ मध्ये शेजारी न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून आसपासच्या रस्त्यांवर कंटेनर ट्रेलरला तोटा नाही. ट्रेलरमागे रखडताना तापमानाचा काटा चढतो आणि रस्ता मोकळा होताच उतरतो, अशी गाडी पंख्याची रोगी. उभ्या गाडीत वारा फक्त पंख्याचा. वेगात तो फुकट मिळतो. अशा वेळी फ्यूज, रिले, सेन्सर आणि मोटर तपासावी. पंखा थेट बॅटरीला जोडल्यावर फिरला, तर मोटर निर्दोष सुटते.

याउलट गर्दीत गुणी असलेली गाडी कर्नाळ्याची खिंड चढताना तापली, तर पंख्याला दोष देऊ नये. रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून धुळीने बुजला असेल, पंपाचे पाते झिजले असेल, किंवा थर्मोस्टॅट अर्धवट अडकला असेल. वरचा पाइप चटका देतो आणि खालचा गारच, तर संशय थर्मोस्टॅटवर किंवा चोंदलेल्या रेडिएटरवर. "काढून टाकू, साहेब, आपल्याकडे लागत नाही" हा यावरचा लोकप्रिय उपचार. थर्मोस्टॅट काढलेले इंजिन नीट गरमच होत नाही, जास्त इंधन पिते आणि लवकर झिजते. काढलेला थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून उघडतो का ते बघता येते. मात्र त्यासाठी चहाचे पातेले घेऊ नये. ग्लायकोल विषारी असते आणि चवीला गोड. जमिनीवरच्या थेंबाला बोट लावून चाखणाऱ्या तज्ज्ञांनाही हे सांगावे.

आता गळती. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरावा. सकाळी रंगीत डाग दिसला तर त्याच्या वर पाहावे: पाइपचे क्लिप, रेडिएटरचा प्लॅस्टिक-ॲल्युमिनियमचा जोड, पंपाखालचे बारीक भोक. एसी बंद केल्यावर खाली साचलेले रंगहीन पाणी हे दमट हवेचे आहे. त्यावरून गॅरेज गाठणाऱ्यांची मे महिन्यात कमतरता नसते. आतला गालिचा ओला आणि काचेवर चिकट धुके, तर हीटर गळतो. काही गळती फक्त दाबाखाली उघडी पडते. तिच्यासाठी हातपंपाने दाब भरणारे यंत्र लागते.

बाहेर कुठेच ओल नाही आणि टाकीतले कुलंट मात्र उतरते आहे, तेव्हा गॅरेजवाला आवाज खाली आणतो आणि "हेड गॅसकेट" म्हणतो. पुरावा मागावा. इंजिन तापल्यावरही न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलवर दुधट साय, थंड इंजिन सुरू करताच कडक होणारे पाइप, टाकीत येणारे बुडबुडे. नुसत्या झाकणाखालची साय लहान फेऱ्यांतल्या दमटपणामुळेही येते, म्हणून एकट्या सायीवर हेड उतरवू देऊ नये. टाकीवरची हवा निळ्या रसायनातून ओढली आणि ते पिवळे पडले, तर जळलेला वायू कुलंटमध्ये शिरतो आहे. मग मात्र वाद संपला.

काट्यावरही आंधळा विश्वास नको. कुलंट सेन्सरच्या खाली गेले की सेन्सर हवेत लोंबतो आणि चढलेला काटा कधीकधी खाली येतो. मालक "गार झाली" म्हणून वेग वाढवतो आणि इंजिनाचा शेवट जवळ आणतो. काटा चढताना एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, म्हणजे थोडी उष्णता बाहेर पडते. मे महिन्यात यावर घरच्यांचे म्हणणे काय पडते, ते इथे छापण्याजोगे नाही. जागा मिळताच गाडी कडेला घेऊन बंद करावी. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले, तर हेड वाकू शकते किंवा तडकू शकते.

दुरुस्तीनंतर कंपनीने सांगितलेलेच कुलंट, आणि ते पातळ करायला विहिरीचे नव्हे तर डिस्टिल्ड पाणी घ्यावे. रंग जुळला म्हणजे जात जुळली असे नाही. अडकलेली हवा काढावी आणि पुढचे काही दिवस, इंजिन थंड असताना, पातळी बघत राहावी. ती पुन्हा उतरली तर कारण अजून सापडलेले नाही. तोवर बाटलीवर गाडी हाकू नये, एसटीने जावे.