टाकी फुल्ल आहे

जलीब अल शुयूख कुवेतच्या विमानतळाला इतकं खेटून आहे की विमानतळावरून तिथे पोचायला लागला, त्याहून जास्त वेळ आक्काच्या बिल्डिंगखाली पार्किंग शोधण्यात गेला. "पाव्हणं, हितं गाडी सगळ्यांकडं आहे, जागा कुणाकडंच नाही," असं दाजी कौतुकानं म्हणाले आणि दोन बिल्डिंगींमधल्या वाळूच्या पटांगणात, एका बंद पडलेल्या व्हॅनच्या अंगाला अंग लावून त्यांनी गाडी उभी केली. दार अर्धंच उघडत होतं. परदेशच्या भूमीवर मी पहिलं पाऊल ठेवलं ते पोट आत ओढून.

आक्काचं बिऱ्हाड जलीबच्या अब्बासिया भागात. खाली केरळी हॉटेल, शेजारी केरळी किराणा, समोर बंगाली भाजीवाला (इथे बंगाली म्हणजे बांगलादेशी), कोपऱ्यावर इजिप्तचा न्हावी. दर थोड्या वेळानं डोक्यावरून विमान जातं, तेवढ्यापुरती सगळ्यांची वाक्यं अर्ध्यावर थांबतात आणि विमान गेलं की जिथल्या तिथून पुढे सुरू होतात. माझी मात्र दर वेळी पहिल्यापासून सुरुवात.

गाडी जपानी. वयानं माझ्या भाच्यापेक्षा मोठी. दाजींनी लायसन काढलं तेव्हा परदेशी माणसाला महिना सहाशे दिनार पगार, पदवी आणि दोन वर्षांचा मुक्काम अशा अटी होत्या. त्या सगळ्या ओलांडून मिळालेलं ते लायसन लग्नाच्या फोटोच्या पुढच्या कप्प्यात असतं, हे आक्कानं मला वेगळं सांगितलं. रोज सकाळी दाजी बॉनेट उघडतात, कडेच्या प्लास्टिकच्या टाकीकडे नजर टाकतात, "फुल्ल" म्हणतात आणि बॉनेट आपटतात. आमच्या घरी बाबा देवपूजा करायचे त्यालाही याहून जास्त वेळ लागायचा नाही.

शुक्रवारी सुट्टी. ऊन उतरल्यावर कुवेत टॉवर्स बघायला जायचं ठरलं. जुलैमध्ये ऊन उतरतं म्हणजे फक्त सूर्य उतरतो. उष्मा जिथल्या तिथे. उन्हाळ्यात दुपारी अकरा ते चार उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला सरकारचीच बंदी असते. 21 जुलै 2016 ला मित्रिबाह इथे 53.9 अंश नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेनं तो आकडा तपासून मान्य केला. हे सांगताना दाजी दशांश चिन्हानंतरचा नऊ फार जोरात म्हणतात.

अब्बासियातून सहाव्या रिंग रोडकडे निघताना शुक्रवार संध्याकाळची जी कोंडी होते, तिच्यात आम्ही सापडलो. एसीतून गरम वारा यायला लागला.

"अहो, थांबलं की गरम हवा येते," आक्का मागून म्हणाली.

"बाहेरच गरम आहे, तर आत काय बर्फ येणार?"

"पळताना येतो की गार."

"रमजानपासून हेच चाललंय हिचं," दाजी मला म्हणाले आणि कुवेतच्या पाण्याचा इतिहास त्यांनी पुढे चालू केला. पूर्वी इथे गोडं पाणी नव्हतंच. शत्त-अल-अरबमधून गलबतांनी पाणी आणायचे आणि विकायचे. मग 1953 साली शुवैखला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा कारखाना निघाला. आणि आपण बघायला चाललोय ते टॉवर म्हणजे नुसती शोभा नव्हे. मोठ्याची उंची 187 मीटर. त्याच्या खालच्या गोलात आणि शेजारच्या गोलात मिळून नव्वद लाख लिटर पाणी मावतं!

नव्वद लाखाच्या आकड्यावर डॅशबोर्डवरचा काटा 'एच'च्या दिशेनं सरकलेला मी पाहिला. सांगितलं. दाजी म्हणाले, रस्ता मोकळा झाला की खाली येईल. आलाही. पुढच्या सिग्नलला परत चढला. सिग्नल सुटला, उतरला. मग एका लांबलचक सिग्नलला तो पार टोकाला जाऊन टेकला, तेव्हा दाजींनी आपलं शेवटचं अस्त्र काढलं. एसी बंद. खिडक्या खाली. हीटर फुल्ल.

शास्त्र बरोबर आहे. इंजिनची उष्णता ज्या गरम पाण्यातून फिरते, त्याचाच एक फाटा हीटरला जातो. हीटर लावला की इंजिनची थोडी आग आपल्या अंगावर येते आणि इंजिनला तेवढाच उतार पडतो. अडचण एवढीच की हे शास्त्र थंड मुलखातल्या माणसांनी शोधलेलं आहे. आम्ही तिघं डोळे मिटून झळ यायची वाट बघत बसलो. झळ आली, पण खिडकीतून येत होती तेवढीच, तसलीच. हीटर चालू आहे की बंद, तेच कळेना.

"बघ, हीटरसुद्धा किती सौम्य आहे," दाजी म्हणाले.

आणि तेवढ्यात काटा सर्रकन खाली आला. थेट 'सी'च्या जवळ. दाजींनी माझ्या मांडीवर थाप मारली. ती थाप अजून मांडीवरच होती, तोवर बॉनेटच्या दोन्ही कडांतून वाफ निघाली.

गाडी कडेच्या वाळूत घेतली. दाजी खाली उतरले ते रुमाल हाताला गुंडाळतच. रेडिएटरच्या झाकणावर त्यांचा हात पडणार, एवढ्यात आक्का एरवी भाच्यासाठी राखून ठेवते त्या आवाजात ओरडली, "अहो! प्रेशर उतरल्याशिवाय कुकर उघडतात का?" रेडिएटरचं झाकण आतला दाब धरून ठेवतं, म्हणून तर आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. आक्कानं हे कुठे वाचलेलं नव्हतं. तिच्या ओट्यावर रोज दोनदा घडतं.

पाऊण तास आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. मग झाकण उघडलं. आत अंधार. प्यायला घेतलेल्या बाटल्या एकेक करून रिकाम्या झाल्या, तरी पाणी वर दिसेना. दाजी मात्र बाजूच्या टाकीकडे बोट दाखवत राहिले, "पण टाकी फुल्ल आहे!" खरंच, फुल्लच्या खुणेवर स्पष्ट तांबूस रेघ होती.

रमतगमत, थांबत, परत जलीब गाठलं तोवर दाजींनी फोन करून उस्तादला बोलावलं होतं. उस्ताद पंजाबातला, वाघेच्या पलीकडच्या. आठवडाभर शुवैखच्या गॅरेजात आणि शुक्रवारी ओळखीच्या बिल्डिंगींखाली. तो येईपर्यंत सल्लागार मंडळ भरलं. वरच्या मजल्यावरचे केरळी गृहस्थ म्हणाले, थर्मोस्टॅट काढून फेकून द्या, आखातात त्याची गरजच काय. न्हाव्यानं मान हलवून "गास्केट" एवढा एकच शब्द उच्चारला आणि दाजींच्या खांद्यावर सांत्वनाचा हात ठेवला. एक हैदराबादी ड्रायव्हर वाकून गाडीखाली बघत होता. "भाई, टपक रा! ये देखो!" वाळूत खरंच ओला ठिपका होता.

उस्ताद आला. त्यानं बॉनेटला हातही लावला नाही.

"गरम कब होती है? खड़ी में या चलती में?"

इतक्या जणांनी इतकं सांगितलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. "उभ्यानं," आक्का म्हणाली, "आणि एसी पण उभ्यानंच गरम." उस्ताद तिच्याकडे वळला आणि त्यापुढे बराच वेळ दाजींशी बोललाच नाही.

त्यानं ओल्या ठिपक्याला बोट लावलं, दोन बोटांत चोळलं. बुळबुळीत नाही, गोडसर वास नाही. एसीचं पाणी. तेल भरायचं झाकण काढून आतून पाहिलं. दुधाळ साय नाही, म्हणजे पाणी तेलात गेलेलं नाही. न्हाव्याचा हात खांद्यावरून निघाला. मग उस्तादनं गाडी फेंडरला धरून जोरात हलवली आणि टाकीकडे बोट केलं.

पाणी असतं तर हिंदकळलं असतं. रेघ जागची हलली नाही. वर्षानुवर्षांच्या गाळाचा तो डाग होता. जुनं प्लास्टिक पिवळं पडून आतून रंगलं होतं, आणि दाजी रोज सकाळी त्या डागाला "फुल्ल" म्हणून सलाम करत होते.

"हीटर मारा था?" उस्तादनं विचारलं. दाजींनी मान हलवली. "गरमी आई?"

"नाही ना! एकदम सौम्य..."

"पानी ही नहीं था जनाब, गरम क्या होता." काटा खाली आला त्याचंही तेच: सेन्सरपाशी पाणीच उरलं नव्हतं, त्यामुळे त्यानं उष्णता सांगायचं सोडून दिलं होतं.

पाणी गेलं कुठे, ते टॉर्चच्या उजेडात सापडलं. रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकचा आणि ॲल्युमिनियमचा जिथे सांधा, तिथे हिरवट पांढरी पापुद्र्यासारखी खपली धरली होती. थेंब थेंब बाहेर यायचं आणि इथल्या उन्हात जमिनीवर पडायच्या आधीच वाळायचं, म्हणून खाली कधी डबकं दिसलं नाही. राहिला पंखा. उस्तादनं एसी लावायला सांगितला. पंखा ढिम्म. पान्याच्या मुठीनं त्यानं मोटरच्या पाठीत एक टोला हाणला, तसा पंखा कण्हत फिरायला लागला. कार्बन झिजलेले. गाडी पळत असली की वाराच पंख्याचं काम करतो. उभी राहिली की एसीची जाळीही तापणार आणि तिच्या मागचा रेडिएटरही.

"भाभी सही बोल रही थीं," तो म्हणाला. आक्कानं हे वाक्य त्या रात्री फोनवर गावाकडच्या चार घरांत पोचवलं.

दुसऱ्या दिवशी शुवैखहून रेडिएटर, नवं झाकण, पंख्याची मोटर आणि हिरव्या कूलंटचा कॅन आला. इथे पेट्रोल लिटरला शंभर फिल्सच्या आसपास, त्यामुळे दाजी कॅनची किंमत ऐकून म्हणाले, "त्यापेक्षा रेडिएटरात पेट्रोल घातलं असतं तर स्वस्त पडलं असतं." उस्ताद हसला नाही. बहुतेक त्यानं हे आधीही ऐकलं असावं. टाकीही बदलू का, असं त्यानं विचारलं. दाजी नको म्हणाले.

टॉवर आम्ही त्याच संध्याकाळी पाहिले. छान आहेत. दाजी वाटेत नव्वद लाख लिटरांबद्दल काही बोलले नाहीत. सिग्नलला काटा बघण्यात त्यांचं लक्ष होतं आणि तो मधोमध गप्प उभा होता.

आता रोज सकाळी ते बॉनेट उघडतात, गाडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवतात, टाकीत पाणी हिंदकळताना बघतात आणि मगच "फुल्ल" म्हणतात. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण ज्ञान मिळालं की ते वाटायची दाजींना घाई असते. मी निघायच्या आदल्या रात्री केरळी गृहस्थांच्या नव्याकोऱ्या गाडीची टाकी तपासायला म्हणून त्यांनी ती हलवली. तिचा अलार्म जो सुरू झाला, तो वरून विमान गेलं तेव्हाही ऐकू येत होता.